गेमिंग पीसी तापतोय? आधी उष्णता नेमकी कुठे अडकतेय ते शोधा

गेम सुरू करून पंधरा-वीस मिनिटं झाली की फॅन बोंबलायला लागतात, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) धपकन खाली येतात, आणि कधीकधी तर स्क्रीन काळी पडून पीसी सरळ बंदच होतो. असं झालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कुठला कूलर घेऊ? माझं कळकळीचं सांगणं आहे की काहीही विकत घ्यायच्या आधी एक संध्याकाळ फक्त आकडे बघण्यात घालवा. चिपमधली उष्णता आधी पेस्टमधून (चिप आणि कूलरच्या मध्ये लावलेला थर्मल पेस्टचा थर) कूलरच्या तळाला जाते, तिथून हीटपाइप म्हणजे धातूच्या नळ्यांमधून कूलरच्या पातळ पट्ट्यांमध्ये, पट्ट्यांमधून हवेत, ती हवा कॅबिनेटच्या बाहेर आणि शेवटी खोलीत. या वाटेत कुठेतरी अडलेलं असतं आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडलेलं असतं. ते ठिकाण सापडलं की निम्मं काम झालं, नाही सापडलं तर भारीतला कूलर लावूनसुद्धा टेम्परेचर तिथल्या तिथेच राहतं.

आकड्यांसाठी एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, उघडताना फक्त सेन्सर्सवाला पर्याय निवडा. खूप ओळी दिसतात, त्यातल्या मोजक्याच कामाच्या. प्रोसेसरचं टेम्परेचर (इंटेलवर पॅकेज, रायझनवर टीडाय नावाने दिसतं), प्रोसेसरचा क्लॉक (म्हणजे वेग), थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग कमी होणं) हो की नाही, ग्राफिक्स कार्डचं टेम्परेचर, त्याच्याखालचं हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा), आणि फॅनचे आरपीएम (मिनिटाला फेरे). आता तुम्ही रोज खेळता तोच गेम अर्धा तास खेळा आणि मग मॅक्सिममचा कॉलम बघा. लोक इथे फरमार्क किंवा प्राइम९५ सारख्या जास्तीत जास्त ताण टाकणाऱ्या टेस्ट चालवतात आणि आकडा बघून घाबरतात, पण त्या टेस्टएवढा लोड कुठलाच गेम सलग टाकत नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गेममध्येच आहे. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे हवे असतील तर एमएसआय आफ्टरबर्नर लावा, ते सगळ्या कंपन्यांच्या कार्डवर चालतं.

मग किती म्हणजे जास्त? हे चिपवर अवलंबून आहे आणि इथे बराच गोंधळ होतो. रायझन ७००० सिरीजचे बरेच प्रोसेसर फुल लोडला ९५ अंशांपर्यंत जातात आणि ते तसेच डिझाइन केलेत असं एएमडीनेच सांगितलंय, पण त्याच सिरीजच्या ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ आहे, जुन्या ५८००एक्स३डी ची ९०. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरची साधारण १००. ग्राफिक्स कार्डात एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० ला ९३, ४०९० ला ९०. एएमडीच्या कार्डांचं हॉटस्पॉट ११० पर्यंत चालतं. या झाल्या मर्यादा, रोजच्या गेमिंगमध्ये मात्र प्रोसेसर ६० ते ८० आणि कार्ड ६५ ते ८० मध्ये असेल तर काही करायची गरज नाही, निवांत खेळा. कार्ड ८५ च्या वर राहत असेल किंवा प्रोसेसर गेममध्ये सतत मर्यादेला चिकटून असेल तर पुढचं वाचा. आणि ९० दिसलं म्हणजे चिप जळाली असं अजिबात नाही, मर्यादेपाशी पोचली की चिप स्वतःच क्लॉक खाली आणते, तीच थ्रॉटलिंग, आणि तुमचे एफपीएस पडतात ते त्यामुळेच. त्यानेही भागलं नाही तर पीसी स्वतःला बंद करतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोक बघतात. टेम्परेचर किती चढलं यापेक्षा ते किती वेगाने चढलं ते बघा. पीसी शांत आहे, ४० अंश आहे, तुम्ही लोड टाकला आणि दोन-तीन सेकंदांत आकडा थेट ९५ ला जाऊन आदळला, तर उष्णता चिपमधून कूलरपर्यंतच पोचत नाहीये. म्हणजे पेस्ट वाळलीय, किंवा कूलर नीट बसलेला नाही, किंवा लिक्विड कूलरचा पंप बंद पडलाय. पण आकडा आधी ६५ ला थांबला, मग ७०, मग ७४, असा पंधरा-वीस मिनिटं हळूहळू चढत ८८ ला गेला, तर पेस्ट आणि कूलर आपलं काम करतायत, कॅबिनेटमधली हवाच गरम होत चाललीय आणि कूलर बिचारा तीच गरम हवा परत परत ओढतोय. पहिल्या प्रकारात कॅबिनेटला चार फॅन जास्त लावून काही होणार नाही आणि दुसऱ्या प्रकारात पेस्ट बदलून काही होणार नाही. (एक अपवाद लक्षात ठेवा, आत्ताचे वरच्या रेंजचे प्रोसेसर चांगल्या कूलरवरही सगळ्या कोअरवर एकदम लोड आला की पटकन उडी मारतात कारण छोट्या चिपमध्ये प्रचंड वॅट जातात, म्हणून ही चाचणी गेमच्या लोडवर करा, रेंडरिंगच्या नाही.)

हळूहळू चढणारा प्रकार असेल तर खात्री करून घ्यायला कॅबिनेटचं साइड पॅनल काढा आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळा. टेम्परेचर ८-१० अंशांनी पडलं तर शंकाच नको, कॅबिनेटचा श्वास कोंडलाय. एक-दोन अंशांचाच फरक पडला तर हवेचा प्रश्न नाही, दुसरीकडे शोधा. पॅनल कायमचं उघडं ठेवणं हा मात्र उपाय नाही, धूळ जास्त वेगाने बसते आणि हवेला दिशा राहत नाही.

हवा कोंडण्याची कारणं तीन-चारच असतात. पहिलं अर्थात धूळ. पुढच्या पॅनलच्या आतली जाळी काढून उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसत नसेल तर हवा तरी कुठून जाणार? टॉवर कूलर असेल तर त्याचा फॅन तारेची क्लिप सोडवून बाजूला काढा, कारण खरी धूळ बाहेरून दिसतच नाही, ती फॅन आणि पट्ट्यांच्या मध्ये साचते, करड्या रंगाचा जाड नमदाच तयार झालेला असतो, बोटाने ओढला की अख्खा सुटून येतो. साफ करताना पीसी बंद, मागचा स्विच बंद, केबल काढलेली, आणि मग पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. ब्लोअर किंवा एअर कॅन मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, हे प्लीज विसरू नका, हवेच्या झोताने फॅन त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं. एअर कॅन उभाच धरायचा, आडवा केला की त्यातून थंडगार द्रव उडतो. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बोर्डाला लावू नका, स्टॅटिकचा धोका असतो, बाहेरच्या जाळीला लावलं तर चालेल.

दुसरं कारण म्हणजे फॅनची दिशा, आणि हे घरी जोडलेल्या पीसीत भरपूर वेळा चुकलेलं असतं. फॅनच्या ज्या बाजूला प्लॅस्टिकचे दांडे आणि मधोमध मोटरचं स्टिकर असतं त्या बाजूने हवा बाहेर पडते, मोकळ्या पात्यांच्या बाजूने आत ओढली जाते. पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. खात्री नसेल तर टिश्यू पेपरचा तुकडा फॅनसमोर धरा, चिकटला तर ओढतोय, उडाला तर फेकतोय. टॉवर कूलरच्या फॅनची दिशासुद्धा मागच्या एग्झॉस्टकडे (हवा बाहेर टाकणाऱ्या फॅनकडे) हवी, उलटा बसलेला असेल तर दोन फॅन एकमेकांशी भांडत बसतात. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली तर फटींमधून धूळ कमी शिरते. पुढे दोन आणि मागे एक, एवढ्यात बहुतेक पीसींचं भागतं, सात-आठ फॅन लावून फार काही फरक पडत नाही.

तिसरं, पुढची अख्खी काच. दिसायला कितीही छान असली तरी कडेच्या बोटभर फटीतून तीन फॅन हवा ओढणार कशी? चाचणी सोपी आहे, पुढचं पॅनल काढून खेळून बघा. फरक मोठा असेल तर नवीन कूलरऐवजी जाळीवालं कॅबिनेट घेणं जास्त शहाणपणाचं, माझं मत यावर ठाम आहे. आणि चौथं, पीसी ठेवलाय कुठे. टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला पाठ चिकटवून, किंवा जाड गालिच्यावर ठेवलेला पीसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. मागे निदान वीतभर जागा सोडा, आणि पॉवर सप्लायचा फॅन खाली तोंड करून असेल तर खालून हवा येऊ द्या.

आता झटकन उडी मारणारा प्रकार, म्हणजे कूलर काढावा लागणार. इथे घाई नको. आधी पीसी पाच-दहा मिनिटं चालवून थोडा गरम होऊ द्या म्हणजे पेस्ट मऊ पडते, मग बंद करा, केबल काढा. कूलर सरळ वर खेचायचा नाही, स्क्रू सोडवल्यावर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत सुटा करायचा. एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) रायझनवर हे फार महत्त्वाचं आहे, तिथे प्रोसेसरला वरून धरणारी चौकट नसते आणि खेचलं की वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकल्या की दुखणं मोठं होतं. एएम५ आणि इंटेलला धातूची चौकट असल्यामुळे तो धोका नाही.

कूलर उलटा करून तळ बघा, तोच सगळं सांगतो. पेस्टचा ठसा एकाच बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच, तर कूलर तिरका बसला होता. पांढरट, भुगा पडणारी पेस्ट असेल तर ती वाळली. आणि तळावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद तसाच असेल तर तो काढा, नव्या पीसीतसुद्धा हे सापडतं आणि तेवढ्या एका कागदामुळे माणसं महिनोन्‌महिने हैराण असतात.

जुनी पेस्ट ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, चिपवर आणि कूलरवर दोन्हीकडे चकचकीत व्हायला हवं. नवीन पेस्ट मधोमध एक ठिपका, पाच-सहा मिलिमीटरचा, मोठी आयताकृती चिप असेल तर आडवी-तिडवी फुली. किती घालायची यावर लोक तासन्‌तास वाद घालतात पण साधी, वीज न वाहणारी पेस्ट थोडी जास्त झाली तर काही बिघडत नाही, कमी पडली तर बिघडतं. कूलर वरून सरळ दाबून बसवा आणि स्क्रू समोरासमोरचे तिरपे, थोडे थोडे वेढे देत आवळा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं तर पुन्हा तिरकाच बसणार. लिक्विड मेटलच्या नादाला घरी लागू नका, ती वीज वाहते आणि अॅल्युमिनियमला खाते. सगळं झालं की कूलरच्या फॅनची वायर सीपीयू फॅनच्या पिनांना परत लावलीय ना ते बघा, मगच झाकण लावा.

लिक्विड कूलर असेल तर पेस्टला हात लावायच्या आधी पंपाचे आरपीएम बघा. शून्य दिसत असेल तर वायर निघालीय किंवा पंप गेलाय. पंप कायम फुल स्पीडवर ठेवायचा, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) त्याला फॅनसारखं कमी-जास्त होऊ देऊ नका. लोडवर दोन्ही नळ्यांना हात लावा, एक चांगलीच गरम आणि दुसरी गारठलेली असेल तर पाणी फिरत नाहीये. गुळगुळ आवाज येत असेल तर पंपात हवा अडकलीय, रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असायलाच हवा म्हणजे हवा तिथे जाऊन बसते. या कूलरमधलं पाणी वर्षानुवर्षांत थोडं थोडं उडत जातं आणि बहुतेकांमध्ये परत भरता येत नाही, त्यामुळे जुना झालेला कूलर बदलायलाच लागतो.

ग्राफिक्स कार्डाचं गणित थोडं वेगळं. डेस्कटॉपवर असताना कार्डाचे फॅन थांबलेले दिसले तर घाबरू नका, साधारण ५०-६० अंशांपर्यंत ते मुद्दामच बंद ठेवतात. बघायचं ते कार्डाचं टेम्परेचर आणि हॉटस्पॉट यातलं अंतर. १०-२० अंशांचं अंतर नेहमीचं, पण कार्ड ७२ आणि हॉटस्पॉट १०५ असं दिसत असेल तर आतली पेस्ट एका बाजूने सरकलीय. अशा वेळी कार्ड वॉरंटीत असेल तर उघडू नका, सरळ वॉरंटीतच द्या. वॉरंटी संपली असेल आणि स्वतः उघडणार असाल तर थर्मल पॅडची (मेमरी वगैरे चिप्सवरच्या मऊ चकत्यांची) जाडी आधी शोधून ठेवा, अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला तरी कूलर चिपला टेकत नाही आणि होतं त्याहून वाईट होतं.

पण कार्ड उघडायच्या आधी करण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि मला वाटतं सगळ्या गाइडमध्ये ती वर असायला हवी, ती म्हणजे उष्णता तयारच कमी करणं. सगळ्यात सोपं, एफपीएसला लगाम घाला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि कार्ड २६० एफपीएस काढतंय, तर ते वरचे ११६ तुम्हाला दिसतच नाहीत, नुसते वॅट जळतात. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये १४१ वर लिमिट लावा. गेमच्या मेनूत कार्ड का किंचाळतं याचंही उत्तर हेच, तिथे चित्र काढायचं फारसं काम नसल्यामुळे एफपीएस सुसाट जातात. दुसरं, आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा, वेग थोडासाच कमी होतो आणि टेम्परेचर, आवाज दोन्ही ठळकपणे उतरतात.

अजून पुढे जायचं असेल तर अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं. आधी गेममध्ये तुमचं कार्ड किती क्लॉकवर स्थिरावतं ते लिहून ठेवा, समजा १८५० मेगाहर्ट्झ. एनव्हिडियाच्या कार्डावर आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा आलेख उघडतो. कोअर क्लॉकची पट्टी दोन-अडीचशेने खाली ओढून अख्खा आलेख खाली आणा, मग ९०० मिलिव्होल्टचा ठिपका पकडून १८५० वर न्या आणि अप्लाय करा, त्याच्या उजवीकडचं सगळं सपाट होतं. आता तेवढाच क्लॉक कमी व्होल्टेजमध्ये मिळतो. गेम क्रॅश झाला तर ९२५ वर जा किंवा क्लॉक थोडा उतरवा. यात कार्ड बिघडत नाही, फार तर ड्रायव्हर रिसेट होईल. तीन-चार दिवस वेगवेगळे गेम खेळून झाल्याशिवाय ते सेटिंग विंडोज सुरू होताना आपोआप लागू होईल असं ठेवू नका.

प्रोसेसरलाही हेच लागू. रायझनमध्ये बायोसमध्ये इको मोड असतो, तो लावला की वॅटची मर्यादा खाली येते आणि गेममध्ये फरक जाणवत नाही म्हणा ना, किंवा कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (व्होल्टेज कमी करायची रायझनची सेटिंग) सगळ्या कोअरना मायनस १० पासून सुरुवात करा. हा आकडा फार खाली नेला तर बऱ्याचदा लोडवर नाही, पीसी नुसता पडून असताना बंद पडतो, तेव्हा फक्त गेम चालला म्हणून पास समजू नका. इंटेलमध्ये पॉवर लिमिट तपासा, आय९-१३९००के ला कंपनीची मर्यादा २५३ वॅटची आहे पण बऱ्याच मदरबोर्डवर तिथे ४०९६ वॅट लिहिलेलं असायचं, म्हणजे मर्यादाच नाही, मग कुठला कूलर पुरणार? बायोस अपडेट करा आणि इंटेल डिफॉल्ट सेटिंग निवडा. १३व्या आणि १४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर असतील तर ते अपडेट तसंही लगेच करायला हवं, जास्तीच्या व्होल्टेजने चिप खराब होऊ नये म्हणून इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून नवं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलंय.

पीसी काही न करता पडून असताना ७० दाखवत असेल तर आधी टास्क मॅनेजर उघडून कोण सीपीयू खातंय ते बघा, चोरून मायनिंग करणारं सॉफ्टवेअरही असू शकतं. आणि खोलीचं टेम्परेचर हिशेबात धरा, खोली ५ अंशांनी तापली की आतलं सगळं साधारण तेवढंच वर जातं. बंद खोलीत ४००-५०० वॅट खाणारा पीसी तासन्‌तास चालला तर ती सगळी उष्णता त्याच खोलीत साठते, दार-खिडकी उघडी असणं हा खराखुरा उपाय आहे. म्हणूनच एका वेळी एकच बदल करा आणि आधीचे-नंतरचे आकडे खोली सारखीच असताना घ्या, नाहीतर कशाने उतरलं ते कळणारच नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. गादीवर ठेवू नका, मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, जाळ्या साफ करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलं की बऱ्याच लॅपटॉपवर टर्बो (प्रोसेसरने घेतलेला जादा वेग) बंद होतो आणि टेम्परेचर बरंच खाली येतं, ज्या गेमना प्रोसेसरचा फार ताण नसतो तिथे हे बेस्ट.

राहिलं अचानक बंद पडण्याचं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉगिंग (आकडे फाइलमध्ये लिहिणं) चालू करून खेळा, बंद पडल्यावर फाइलमधली शेवटची ओळ बघा. तिथे प्रोसेसर ६८ आणि कार्ड ७१ असेल तर दोष उष्णतेचा नसण्याचीच शक्यता जास्त, संशय पॉवर सप्लायवर घ्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) कर्नल-पॉवर ४१ दिसेल, पण त्याचा अर्थ फक्त पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला एवढाच, कारण तो सांगत नाही. पॉवर सप्लाय काही झालं तरी उघडू नका, केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. कार्डाला नवीन १६ पिनांचा कनेक्टर असेल तर तो फट न राहता पूर्ण आत गेलाय आणि प्लगपाशीच वायर मुडपलेली नाही हे बघून घ्या, अर्धवट बसलेले हे कनेक्टर वितळल्याचे प्रकार आरटीएक्स ४०९० वर २०२२ मध्ये झालेत. जळका वास आला तर भिंतीवरचा स्विच बंद करा, केबल काढा, आणि कुठून आला ते कळल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.